बिबट्या दिसला तर

थोरली दर दोन वर्षांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत राष्ट्रीय उद्यान बघायला येत असे आणि सगळीकडे सांगताना मात्र आईला भेटायला चालले असं सांगत असे. दोन्ही खरंच होतं म्हणा. फरक एवढाच, की सकाळचे चार आणि संध्याकाळचे तीन तास जंगलाच्या वाट्याला जात आणि आईच्या वाट्याला यायची ती मधली दुपार, तीही पंख्याखाली आडवं पडून डुलक्या घेता घेता.

धाकटीची याबद्दल तक्रार नव्हती. म्हणजे होती, पण ती मनातल्या मनात इतक्या वेळा करून झाली होती की तिची तिलाच शिळी वाटायची. उद्यानाच्या विश्रामगृहाची ती व्यवस्थापक होती. कागदावर व्यवस्थापक, प्रत्यक्षात बारा खोल्यांच्या चादरी, मच्छरदाण्या, किल्ल्या, तुंबलेली मोरी आणि खोलीत पाल निघाली म्हणून किंचाळणारे पाहुणे, हे सगळं तिच्या गळ्यात. बरं, पालीला भिणारी ही माणसं आलेली असायची जंगल बघायला. ती पहाटे उघड्या जीपमधून गेली की धाकटी त्यांच्या गाद्या झटकायची, आणि परत आली की त्यांनी काय काय पाहिलं ते ऐकायची. कुणी हत्तीचं पिल्लू चिखलात लोळताना पाहिलेलं असायचं, कुणी मगरीने हरणाला पाय धरून ओढताना. ती चहा ओतता ओतता 'अरे वा' म्हणायची. वीस वर्षं या नोकरीत राहून ती स्वतः जंगलात किती वेळा गेली, ते हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं.

या वर्षी मात्र तिच्या नावाने एक पत्र आलं होतं. उद्यानाने गाइड तयार करायचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला होता. दूरच्या केंद्रात राहून शिकायचं, आणि परत आलं की जीपमध्ये पुढच्या जागेवर बसायचं. धाकटीने कुणाला न सांगता परीक्षा दिली आणि पहिली आली. वयाची अट बेचाळीसची होती आणि तिला बेचाळिसावं लागलेलं होतं, म्हणजे हीच पहिली संधी आणि हीच शेवटची. मोठ्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, की जागा तुमची आहे, येत्या सोमवारपर्यंत होकार लिहून द्या, नाहीतर यादीत पुढचा माणूस थांबलाय.

अडचण एकच होती, आणि ती विश्रामगृहाला लागून असलेल्या घराच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसलेली असे.

आईचे डोळे काचबिंदूने गेले त्याला नऊ वर्षं झाली होती. उजेड आणि अंधार एवढाच काय तो फरक तिला कळायचा. हाताला धरल्याशिवाय तिला न्हाणीघरापर्यंत जाता येत नसे, आणि एकटीला ठेवावं तर ती चहा करायला उठे. मागच्या हिवाळ्यात तिने गॅस चालू केला आणि काडी शोधत बसली, तेव्हापासून धाकटी दर तासाने चादरी टाकून घरी चक्कर मारायची. पण कान म्हणाल तर सगळ्या उद्यानात आईच्या तोडीचा दुसरा नव्हता. तिचा नवरा तळ्याकाठच्या चौकीवर पहारेकरी होता. अठ्ठावीस वर्षं ती त्या चौकीत त्याच्याबरोबर राहिली, आणि तिथे दुसरं करण्यासारखं काही नसल्यामुळे ऐकत राहिली. बिबट्या निघाला की माकडं खाकरल्यासारखी ओरडतात, हरणं तुटक भुंकल्यासारखी. गाइड लोक त्याला कॉल म्हणतात. कॉल सगळ्यांनाच ऐकू येतो. आईला त्याच्या पुढचं कळायचं. किती वेळा ओरडलं, ओरडताना मध्ये दम घेतला का, ओरडणारं जागेवर आहे की सरकतंय, एवढं ऐकलं की बिबट्या कुठल्या झाडाखाली आहे ते ती सांगायची. जीपवाला रोज निघण्याआधी व्हरांड्याच्या पायरीशी उभा राहून विचारायचा, आजी, आज काय म्हणतंय जंगल, आणि ती म्हणेल तिकडे गाडी काढायचा. धाकटी तिच्याकडूनच ऐकायला शिकली होती. परीक्षेत आवाज ओळखायचे होते, तिथे तिचा एकही चुकला नाही.

तर अशी ही आई सहा महिने थोरलीने सांभाळावी, एवढंच मागणं होतं. वीस वर्षांत सहा महिने. धाकटीने मनाशी वाक्यं जुळवून ठेवली होती आणि बुधवारी थोरलीची गाडी फाटकातून आत आली, तेव्हा ती स्वतः पळत जाऊन बॅगा उतरवायला लागली.

थोरलीचा नवरा दंतवैद्य होता. माणूस गमत्या, पण त्याच्या सगळ्या गमती दातांवरून निघत आणि दातांवरच येऊन संपत. मगर बघून आला की तिची कवळी कुणी बसवली म्हणून विचारायचा. हत्तीचे सुळे बघून त्याने, हे काढायचे तर भूल देणारा माणूस झाडावर चढवावा लागेल, असं म्हटलं आणि स्वतःच खो खो हसला. बरोबर त्यांची लेक होती, सतरा वर्षांची. ती डोळ्यांना दुर्बीण लावून बसे आणि आईबाप बोलायला लागले की दुर्बीण आणखी घट्ट धरी.

सुट्टी मात्र त्यांना अगदी मनासारखी चालली होती. उन्हाने जंगलातलं पाणी आटलं होतं, झुडपं विरळ झाली होती, त्यामुळे जे काही होतं ते सगळं तळ्यावर येत होतं. पहिल्याच सकाळी त्यांनी हत्तींचा कळप पाहिला, संध्याकाळी पिल्लांची रांग घेऊन चाललेली रानडुकरीण. धनेश पक्षी तर विश्रामगृहाच्या छपरावर येऊन बसत. हरणं इतकी, की पहिल्याच दिवशी भाचीने मान वळवणंही सोडून दिलं. धाकटी जेवण वाढता वाढता सगळं ऐकत होती आणि योग्य वेळेची वाट बघत होती. पण एवढं सगळं पाहून दंतवैद्याचं पोट भरलं नव्हतं. त्याला बिबट्या पाहिजे होता. या आधीच्या तीन खेपांतही जीप पोचेपर्यंत निघून जाऊन बिबट्याने त्याला हुलकावणी दिली होती, आणि दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटना त्याने या खेपेला फोटो आणतो असं त्यांच्या तोंडात औजारं घातलेली असताना सांगून ठेवलं होतं.

गुरुवारी संध्याकाळच्या जेवणाला धाकटीने विषय काढला. पत्र आणून दाखवलं. भाचीने ते वाचलं आणि "मावशी, कसली भारी आहेस तू," असं म्हणाली. थोरलीनेही कौतुक केलं, अगदी पाठीवरून हात फिरवला. मग धाकटीने आईचं काढलं, आणि थोरलीचा हात पाठीवरून निघाला. तिच्याकडे अडचणींना तोटा नव्हता. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट एक दिवस चालू तर दोन दिवस बंद. लेकीचं महत्त्वाचं वर्ष. स्वतःचे गुडघे. शिवाय आईला इथली सवय, शहरात ती बिचारी गुदमरेल. आईची काळजी आईला न नेण्यासाठी कशी वापरावी, हे थोरलीकडून शिकावं. आई तिथेच बसली होती. पानात काय कुठे वाढलंय ते बोटांनी चाचपत ती मुकाट्याने जेवत होती.

वातावरण अवघडलं, तेव्हा दंतवैद्याने त्याच्या पद्धतीने ते सैल करायला घेतलं.

"असं करू या," तो म्हणाला. "धाकट्या मेव्हणीबाई, तुम्ही आम्हाला बिबट्या दाखवा. बिबट्या दिसला, की सासूबाई आमच्या गाडीत. सहा महिने काय, वर्षभर ठेवून घेतो."

सगळे हसले. आईसुद्धा हसली. धाकटी तेवढी हसली नाही. तिने हातातला वाढायचा डाव भांड्यात ठेवला.

"शब्द?" तिने विचारलं.

"शब्द," तो म्हणाला, आणि टेबलावरून हात पुढे केला. तिने तो हातात घेतला. थोरली ताटात काहीतरी शोधत राहिली, पण नको म्हणाली नाही. तिने नको म्हटलं नाही, हे धाकटीने नीट लक्षात ठेवलं.

शहाण्या माणसाने असल्या बोलण्यावर इमले बांधले नसते. पण वीस वर्षं ज्याला कुणी काही देऊ केलेलं नसतं, त्याला चेष्टेत देऊ केलेलंही खरं वाटतं. शिवाय बिबट्या दाखवणं तिच्या हातातलं होतं. दुसऱ्या कुणासाठी ते नशीब असेल, या घरासाठी ते रोजचं काम होतं. व्हरांड्यात आई होती.

शुक्रवारी जंगलाने तोंड उघडलं नाही. सकाळी नाही, संध्याकाळीही नाही. आईने दोन्ही वेळेला मान हलवली, आज नाही, खाऊन झोपलाय तो. आणि खरंच कुणालाच दिसला नाही. शनिवारी सकाळी तेच. आता उरली होती शनिवारची संध्याकाळची फेरी, कारण रविवारी नाश्ता करून ते निघणार होते.

शनिवारी दुपारी चादरींच्या खोलीत थोरली धाकटीला शोधत आली. दार लावून घेऊन म्हणाली, "अगं, ह्यांचं बोलणं काय मनावर घेतेस तू. ह्यांना सवयच आहे."

"मग तू सांग," धाकटी म्हणाली. "नेणार नाही म्हण. मी सोमवारी तसं लिहून देते."

"नेणार नाही असं कुठे म्हणतेय मी?"

"मग नेते म्हण."

थोरलीने फळीवरचा उशीचा अभ्रा घेतला. त्याची घडी आधीच घातलेली होती, ती तिने मोडली आणि पुन्हा घातली. "आधी दिसू दे तरी तुमचा तो बिबट्या," असं म्हणून ती निघून गेली. हो आणि नाही यांच्या मधल्या जागेत थोरली आयुष्यभर सुखाने राहिली होती. तिथून तिला हुसकायचं तर बिबट्याच लागणार, हे धाकटीला त्या क्षणी कळून चुकलं.

आईला जीपमध्ये घ्यायची कल्पना दंतवैद्याची. सासूबाईंना बरोबर घेऊ, म्हणजे व्हरांड्यात विचारायला यायला नको, असं तो म्हणाला. आईला जीपवाल्याच्या शेजारी पुढे बसवलं, डोक्याला रुमाल बांधला. तिला धरायला कुणीतरी हवं म्हणून धाकटी तिच्या मागच्या जागेवर, हात पुढे काढून. किती वर्षांनी ती अशी निघाली होती. पक्का रस्ता सोडून जीप आत वळली, गरम मातीचा आणि वाळल्या पानांचा वास आला, आणि आपण कशासाठी निघालोय हे धाकटी थोडा वेळ विसरलीच. एका वळणावर हत्तीण उभी होती, इतकी जवळ की तिच्या पापण्यांचे केस दिसत होते. एक गरुड वाळलेल्या झाडावर माशाचे तुकडे करत होता. भाचीने दुर्बीण मावशीच्या हातात दिली आणि विचारलं, "हा कुठला?" धाकटीने नाव सांगितलं, तो मासा पाण्यातून कसा उचलतो ते सांगितलं, पिल्लं कुठल्या महिन्यात होतात ते सांगितलं. भाची ऐकत राहिली. जीपवाला मागे वळून म्हणाला, "ताई, तुम्ही तर आत्ताच गाइड झालात." धाकटीला इतका आनंद झाला की तिने लाजून दुसरीकडे बघितलं.

तिठ्यावर जीपवाल्याने गाडी बंद केली. डावीकडचा रस्ता तळ्याला जात होता, उजवीकडचा कोरड्या ओढ्यात उतरत होता. उजव्या हाताला ओढ्यामागे उंच कडा होता. सगळे गप्प बसले. दोन मिनिटं पानसुद्धा हललं नाही. मग माकड ओरडलं.

उजवीकडून. एकदा, दोनदा, मग लागोपाठ. मध्ये दम न घेता. धाकटी ताठ बसली. दूर ओढ्याच्या बाजूने हरणानेही साथ दिली. आवाज सरकत नव्हता, म्हणजे बिबट्या बसलेला होता, आणि फार तर सात-आठ मिनिटांच्या वाटेवर. तिने वाकून आईच्या खांद्यावर हात ठेवला. आईने मान तिरकी केली होती, ऐकताना करायची तशी. जीपवाल्याने किल्ली फिरवली आणि चाक उजवीकडे वळवायला घेतलं.

"डावीकडे," आई म्हणाली.

जीपवाला थांबला. "आजी, आवाज तर ओढ्यातून येतोय."

"कड्यावर आपटून उलटा येतोय तो. खरा तळ्याकडे आहे. डावीकडे घे."

कडा आवाज फिरवतो हे खरं होतं. धाकटीला ते आईनेच शिकवलं होतं. तिच्या कानांना आवाज उजवीकडचाच वाटत होता, ओठांवर शब्दही आला होता. पण आईच्या कानाविरुद्ध बोलायची या जंगलात कुणाची पद्धत नव्हती. परीक्षेत पहिली आली म्हणून काय झालं, आईपुढे ती कालचीच पोर होती. तिने शब्द गिळला. जीपवाल्याने एकदा आरशातून तिच्याकडे बघितलं, ती काही बोलत नाही असं पाहिलं, आणि गाडी डावीकडे घेतली.

तळ्यावर सगळं काही होतं. मगरी होत्या, हत्ती होते, हरणांचे कळप निवांत पाणी पीत होते. बिबट्या जवळ असता तर हरणं अशी माना खाली घालून प्यायली नसती. ते बघितल्याबरोबर धाकटीने जीपवाल्याच्या खांद्याला हात लावला. परत ओढ्याकडे जाऊ या असं ती म्हणाली, पण फाटक बंद व्हायची वेळ होत आली होती आणि जीपवाल्याला दंड भरायचा नव्हता.

फाटकापाशी दुसरी जीप भेटली. तिच्यातले लोक उभे राहून हातवारे करत होते. ओढ्यात, आडव्या फांदीवर, चारही पाय खाली सोडून झोपलेला. वीस मिनिटं. मग जांभई देऊन उतरला आणि त्यांच्या गाडीसमोरून गेला. जांभई म्हटल्यावर दंतवैद्याने कपाळावर हात मारला.

"सासूबाई, घालवलीत की माझी जांभई," तो म्हणाला. "पैज हरलात तुम्ही लोक."

धाकटीने थोरलीकडे बघितलं. थोरलीने सुटकेचा एवढा मोठा निःश्वास टाकला होता की तो लपवायला तिला खोकावं लागलं. मग ती फार छान वागायला लागली. जीपमधून आईला तिने स्वतः उतरवलं. संध्याकाळी व्हरांड्यात आईच्या मागे स्टूल घेऊन बसली आणि तिचे केस विंचरले, तेल लावून, हळूहळू, गुंता न ओढता. चार दिवसांत पहिल्यांदाच. लहानपणच्या गोष्टी निघाल्या. चौकीच्या छपरावर माकडांनी थोरलीचा फ्रॉक पळवला होता ती गोष्ट आईने सांगितली आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. धाकटी आत पाहुण्यांसाठी पाव कापत होती. तिला वाटत होतं, आईचा कान गेला. आजवर जो कधी चुकला नाही तो नेमका आज चुकला, तर चुकू दे. वय झालं. तिला स्वतःच्या नशिबापेक्षा आईचंच वाईट वाटलं, इतकी ती मूर्ख होती.

रविवारी नाश्ता झाल्यावर थोरलीची गाडी निघाली. दंतवैद्याने हात हलवला, भाचीने मावशीला घट्ट मिठी मारली. थोरली आईच्या पाया पडली, रडलीसुद्धा. गाडी फाटकाबाहेर वळल्यावर धाकटीने तळ्याकडच्या खोलीतल्या चादरी काढल्या, खाटेखाली राहिलेला एक मोजा उचलला आणि व्हरांड्यात आली.

नव्या पाहुण्यांची उशिराची फेरी घेऊन निघालेला जीपवाला पायरीशी उभा होता. कालच्या प्रकाराने तो जरा ओशाळलेला होता, पण सवयीने विचारून बसला, आजी, आज काय म्हणतंय.

आईने मान तिरकी केली. "ओढ्यातच आहे अजून. मोठ्या दगडाच्या अलीकडे. वाऱ्यामुळे दोन ठिकाणी वाटेल, पण तळ्याकडचं खोटं आहे. वर बघ, फांदीवर असेल."

जीपवाला गेला. पाऊण तासाने वायरलेसवर त्याचा आवाज आला. मोठ्या दगडाच्या अलीकडे, फांदीवर. पाहुणे खूश.

धाकटी हातातला मोजा घेऊन आईच्या समोरच्या पायरीवर बसली.  मग म्हणाली, "काल तुला ऐकू आलं होतं."

"हो."

"उजवीकडेच होता."

"उजवीकडेच होता," आई म्हणाली. तिने नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"मग का असं केलंस? तो दिसला असता तर त्यांनी तुला नेलं असतं. मी गेले असते. सहा महिने, आई. फक्त सहा महिने."

"नसतं नेलं." आईचा आवाज अगदी शांत होता, जंगलाबद्दल सांगायची तसा. "तुझ्या बहिणीला मी ओळखते. बिबट्या दिसला असता, जावईबापूंनी फोटो काढले असते, आणि संध्याकाळी ती म्हणाली असती, चेष्टा होती गं. मला ते ऐकायचं नव्हतं. आता ती मला घेऊन गेली नाही, ते बिबट्या दिसला नाही म्हणून. एवढ्यावर मला राहता येतं. काल तिने माझे केस विंचरले. बिबट्या दिसला असता तर विंचरले असते का?"

धाकटीला आईचा राग आला. साधासुधा नाही. ही बाई याच पायरीवरून खाली पडली तरी आपण उठणार नाही, असं तिला स्पष्टपणे वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली नाही. थोरलीचं 'नाही' तिलाही माहीत होतं. चादरींच्या खोलीतच कळलं होतं. पण ते तोंडावर ऐकलं असतं तर भांडता आलं असतं. ओरडता आलं असतं. सगळ्यांनी हात वर केले, आता तुझी सोय एखाद्या आश्रमात करते आणि मी जाते, असं छाती पुढे काढून सांगता आलं असतं. त्या 'नाही'च्या जोरावर ती गेली असती. आईने तेच घालवलं होतं. थोरलीला वाईट ठरू द्यायचं नाही, म्हणून.

"आणि माझं काय?" तिने विचारलं. "तिने नको म्हणू नये म्हणून तू माझी जागा घालवलीस. माझा विचार आला नाही तुझ्या मनात?"

आईला प्रश्न खरोखरच कळला नसावा. तिने हात पुढे केला, चाचपत धाकटीचं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला.

"तुझं काय?" ती म्हणाली. "तू आहेसच की."

धाकटीने तो हात उचलून खुर्चीच्या दांड्यावर ठेवला आणि ती उठली. साहेबांच्या कचेरीत रविवारी कारकून एकटाच असे. तिने त्याच्याकडून कागद मागून घेतला आणि घरगुती अडचणीमुळे जाणं शक्य होत नाही असं दोन ओळींत लिहून सही केली. कारकुनाला वाईट वाटलं. आईची तब्येत का, असं त्याने विचारलं. तब्येत ठणठणीत आहे, ती म्हणाली.

संध्याकाळी थोरलीचा पोचल्याचा फोन आला. धाकटीने तो आईच्या कानाला लावून धरला. प्रवास छान झाला, लिफ्ट चालू होती, सगळे तुझीच आठवण काढत होते. आई हसत होती. जावईबापूंना सांग, पुढच्या खेपेला नक्की दिसेल, मी आहे ना, असं म्हणत होती. मग तिने मान वळवली, "तुझ्याशी बोलायचंय गं तिला," आणि फोन धाकटीने स्वतःच्या कानाला लावला.

थोरलीला खोलीचं विचारायचं होतं. सुट्टीत नंतर खोल्या मिळत नाहीत, तर आत्ताच सांगून ठेवलेलं बरं. आणि या वेळी दोन वर्षं कशाला थांबायचं, पुढच्याच उन्हाळ्यात येतो, ह्यांना चैन पडायचं नाही. तीच तळ्याकडची खोली. पाच दिवस.

"बरं," धाकटी म्हणाली. तिने टेबलावरची नोंदवही ओढली, पुढच्या वर्षाचं कोरं पान काढलं आणि त्यावर पहिलं नाव बहिणीचं लिहिलं.